नक्की कुठलं व्हर्जन? रिलीजला नंबर देणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मंडळी म्हणजे कोण ते आधी सांगतो. बिझनेस सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी छोटी असो की जगभर पसरलेली, रिलीज बाहेर पडायच्या आधी एक मीटिंग होते आणि तिथे ठरतं की याला ७.४ म्हणायचं, ८.० म्हणायचं, की सरळ वर्षाचं नाव द्यायचं. त्या मीटिंगमध्ये बसणारे तुम्ही सगळे, प्रॉडक्ट मॅनेजर, मार्केटिंगवाले, रिलीज इंजिनिअर. मी तिथे कधी बसलेलो नाही, मी त्या नंबरच्या दुसऱ्या टोकाला असतो. ऑफिसांमध्ये तुमची सॉफ्टवेअरं टाकायची, चालू ठेवायची, अपडेट मारायची आणि काही बिघडलं की तुमच्या सपोर्टला टिकेट (तक्रारीची नोंद) टाकायचं, हे माझं काम.

टिकेटच्या फॉर्मवर लाल स्टारवाला पहिला रकाना व्हर्जनचा, तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आणि तिथेच घोडं पेंड खातं. लॉगिन स्क्रीनवर एक नंबर असतो, हेल्पमधल्या अबाउटमध्ये दुसरा, इन्स्टॉलरच्या फाइलच्या नावात तिसरा, लायसन्सच्या कागदावर नंबरच नसतो नुसतं "एंटरप्राइझ" लिहिलेलं असतं, आणि तुमच्या फॉर्ममधल्या ड्रॉपडाऊनमध्ये यातलं एकही नसतं. मग जवळपासचं काहीतरी निवडायचं, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याच माणसाचा मेल येतो की व्हर्जन कन्फर्म करा, स्क्रीनशॉट पाठवा. अहो, कुठल्या स्क्रीनचा?

एक गोष्ट सुरुवातीलाच क्लिअर करतो, नंबर गाळले म्हणून माझी काही तक्रार नाही. त्यावर लोक उगाच जोक मारत बसतात. हे तर धंदा सुरू झाल्यापासून चालूच आहे. १९८० च्या आसपास डीबेस टू नावाचा डेटाबेस आला, त्याचा वन कधी विकायला आलाच नव्हता, दोन म्हटलं की माल जरा मुरलेला वाटतो म्हणून सुरुवातच दोनपासून. विंडोजवरचं वर्ड २.० नंतर थेट ६.० झालं. विंडोज एनटीचं १९९३ मधलं पहिलंवहिलं व्हर्जन ३.१ होतं, कारण शेजारी साधं विंडोज ३.१ विकलं जात होतं. ऑफिस १२ नंतर १४, मधले तेरा गायब. वेबसाइट बनवायची भाषा पीएचपी ५ वरून ७, ओरॅकल डेटाबेस १२ वरून २०१८ मध्ये एकदम १८. होऊ दे की. आकडा पुढे जातोय ना, मग मधले चार नसले तरी कुणाचा सर्व्हर पडत नाही. ऑफिस १३ सापडत नाही म्हणून आजवर कुणी टिकेट टाकल्याचं मला माहीत नाही.

त्रास सुरू होतो तो पाटीवरचं नाव आणि आतला नंबर यांची फारकत झाली की. विंडोज ७ चा आतला नंबर ६.१ होता, ८ चा ६.२, ८.१ चा ६.३. याला कारण होतं आणि ते अगदीच वेडगळ नव्हतं, व्हिस्टाला ६.० केल्यावर बरेच जुने प्रोग्रॅम नुसता पहिला आकडा बदललेला बघून चालायलाच तयार होईनात, म्हणून पुढच्याला ७.० न करता ६.१ ठेवलं, आणि मायक्रोसॉफ्टने तेव्हा हे उघड सांगितलंही होतं. ऑपेरा ब्राउझरचंही तसंच झालेलं, त्यांचं १० आलं तर काही वेबसाइटच्या कोडला दोन आकडी व्हर्जन वाचताच येईना, मग बिचाऱ्यांनी सुरुवातीला ९.८० सांगायचं आणि खरा नंबर शेपटीला लावायचा असा जुगाड केला. म्हणजे दोष सगळा तुमचाच नाही, नंबर वाचणारा कोड आळशीपणे लिहिणारेही यात आहेत, हे मान्य.

पण मग विंडोज १० ला उडी मारून आतलाही नंबर १०.० केला, आम्ही म्हटलं चला एकदाचं जुळलं, आणि पुढे विंडोज ११ आलं ते पण आतून १०.०च! फरक फक्त बिल्ड नंबरमध्ये (आतल्या बांधणीचा मागचा क्रमांक), २२००० आणि त्याच्या पुढे असेल तर ११ समजायचं. बरं रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या नोंदवहीत) प्रॉडक्टच्या नावाची जी व्हॅल्यू असते ना, तिथे विंडोज ११ च्या मशीनवरही विंडोज १० असंच लिहिलेलं सापडतं. आता हे किरकोळ वाटेल, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि त्याच्या आधीचे कित्येक महिने सगळ्या आयटीवाल्यांना वरून एकच प्रश्न येत होता, आपल्याकडे १० वर किती मशीन उरलीत? ज्याने भोळेपणाने ते नाव वाचणारी स्क्रिप्ट चालवली त्याच्या रिपोर्टमध्ये नवीकोरी ११ वाली मशीनपण १० च्याच खात्यात. मग तो रिपोर्ट घेऊन बजेटच्या मीटिंगला जा आणि समजावत बसा की साहेब हे दहा दिसतंय पण हे अकरा आहे, कारण मागचा आकडा बावीस हजारच्या वर आहे.

ऑफिसमध्ये उलटं. तिथे नावं भराभर बदलतात आणि नंबर हलतच नाही. २०१६, २०१९, २०२१, २०२४ आणि ते ३६५, सगळ्यांचा आतला नंबर १६. एखाद्या ॲड-इनच्या व्हेंडरने डॉक्युमेंटमध्ये "ऑफिस १६ सपोर्टेड" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, २०२१ आणि २०२४ चा नाही, आणि नंबर मात्र सगळ्यांचा सोळा. ३६५ हे तर व्हर्जनच नाही, ते सबस्क्रिप्शनचं नाव. तरी लोक फोनवर छातीठोकपणे सांगतात, आमच्याकडे तीनशे पासष्ट व्हर्जन आहे. त्यांचं काय चुकलं सांगा, आकडा दिसला की माणूस त्याला व्हर्जनच समजणार. त्या ३६५ च्या आत परत २४०८ (२०२४ चा आठवा महिना) असे महिन्यावारी नंबर, आणि एका कंपनीत दोन जण वेगवेगळ्या चॅनेलवर (अपडेट लवकर मिळणार की उशिरा ते ठरवणारी रांग) असतील तर दोघांचंही "अपडेटेड आहे" असं स्क्रीनवर येतं आणि दोघांकडे वेगवेगळं व्हर्जन असतं, आणि दोघंही खरं बोलत असतात.

वर्ष आणि महिना जोडून नंबर द्यायची ही पद्धत मला खरं तर आवडते, नुसतं बघून वय कळतं. उबुंटूवाल्यांनी ४.१० पासून ती धरलीय, ऑक्टोबर २००४, आणि २००६ ला एप्रिलचं रिलीज जूनपर्यंत लांबलं तर त्यांनी नंबरही ६.०४ चा ६.०६ केला. हा प्रामाणिकपणा मला फार भारी वाटतो. पण हीच पद्धत मधला टिंब काढून चार आकडी केली की काय होतं ते २०२० साली सगळ्यांनी बघितलं. विंडोज १० चं "व्हर्जन २००४" आलं ते मे २०२० मध्ये. सोळा वर्षं जुनं विंडोज कशाला टाकताय असं विचारणारे लोक होते, आणि ते अडाणी नव्हते, ज्या कंपनीने विंडोज २००० आणि सर्व्हर २००३ विकलं तिचंच २००४ ऐकल्यावर दुसरं काय वाटणार. पुढचं व्हर्जन मग २०एच२ झालं. म्हणजे त्यांनाही कळलं असावं.

सॅप कंपनीचं याहून मजेशीर. कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं त्यांचं सॉफ्टवेअर एस/४हाना, त्याची आपल्या सर्व्हरवर टाकायची व्हर्जन्स १५११, १६१०, १७०९, १८०९, १९०९ अशी छान चालली होती, वर्ष-महिना, वर्ष-महिना. मग ऑक्टोबर २०२० मध्ये जे आलं त्याचं नाव २०२०, नुसतं वर्ष, महिना गेला. आणि क्लाउडवाल्या बाजूला मात्र वर्ष-महिनाच चालू राहिलं, त्यामुळे २०२० च्या नोव्हेंबरमधलं क्लाउड रिलीज झालं २०११. आता एका ईमेलमध्ये "२०११ वरून" आणि दुसऱ्यात "२०२० वर" असं लिहिलेलं वाचलं तर नव्या माणसाला वाटेल की नऊ वर्षांचं अंतर आहे. दोन्ही एका महिन्याच्या अंतराने आलेली, आणि २०११ तर नंतरचं! माझी विनंती एवढीच की पद्धत निवडा आणि निदान एका नावाच्या दोन भावंडांना तरी एकच लावा.

आता टिंबाबद्दल. व्हर्जनमधला टिंब हा दशांश चिन्ह नाही हे तुम्हाला माहितीये, मला माहितीये, पण एक्सेलला माहीत नाही. २.९ नंतर २.१० येतं, तुमच्या दृष्टीने हे नववं आणि दहावं. एक्सेलमध्ये २.१० टाइप करून एंटर मारा, त्याचं २.१ होतं. म्हणजे नवीन व्हर्जनची नोंद केली आणि शीटमध्ये नऊ रिलीज मागचं व्हर्जन लिहिलं गेलं, कुणाला कळलंही नाही. आणि जगातल्या अर्ध्या कंपन्यांची सॉफ्टवेअर इन्व्हेंटरी एक्सेलमध्येच असते, तुम्ही कितीही मोठमोठी टूल्स विका. शीट टेक्स्टमध्ये ठेवलं तर सॉर्ट करताना २.१० हे २.९ च्या वर जाऊन बसतं. हे फक्त आमच्यासारख्यांचंच होतं असं समजू नका, पायथॉनचं ३.१० आलं तेव्हा प्रोग्रॅमर लोकांच्या कॉन्फिग फाइलींमध्येही तेच झालं, अवतरण चिन्हं न टाकता लिहिलं की यामल (कॉन्फिग फाइली लिहायची पद्धत) त्याला ३.१ वाचायचं आणि बिल्ड पडायचं. मी म्हणतो दोन आकडी जाणार आहे हे माहीत असताना सुरुवातीपासून ०१, ०२ करा ना. दिसायला जरा सरकारी दिसेल, दिसू दे.

मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर, त्याच्या २००८ आणि २००८ आरटू वाल्यांनी आम्हाला जो छळलाय तो वेगळाच. नाव ऐकून वाटतं तेच आहे, दुसरी आवृत्ती. पण २००८ म्हणजे आतून १०.०, आणि आरटू म्हणजे १०.५०, वेगळं प्रॉडक्ट, वेगळं लायसन्स, वेगळे सर्व्हिस पॅक (दुरुस्त्यांचे गठ्ठे). २००८ चा सर्व्हिस पॅक २ आरटू ला चालत नाही, आरटू चा सर्व्हिस पॅक २ वेगळा असतो, आणि फोनवर "आरटू" आणि "एसपीटू" (सर्व्हिस पॅक २) या दोन्हीत "टू" आहे. खराब लाईनवर हे बोलून बघा एकदा. ही दोन्ही आता केव्हाच रिटायर झालीयेत खरं तर, पण जुनी अकाउंटिंगची पॅकेजेस ज्या मशीनवर अडकलीयेत तिथे ती अजून श्वास घेतायत, आणि मायग्रेशन करायला बसलं की पहिला तास हे नक्की कुठलं आहे यातच जातो.

नुसता वेळ गेला तर चालेल एकवेळ. व्हर्जन नंबरवर पैसे आणि जोखीम दोन्ही लटकलेलं असतं ते तुम्ही विसरता म्हणून हे लांबलचक लिहितोय.

पैशाचं उदाहरण जावा, बरीच बिझनेस सॉफ्टवेअरं चालायला मशीनवर जे आधी टाकावं लागतं ते. आधी तर १.८ आणि ८ हे एकच, हे नव्या माणसाला समजवा (डॉक्युमेंटमध्ये "जावा ८ हवं" असतं, मशीनला विचारलं तर ते १.८.० सांगतं, मग फोन येतो की आमच्याकडे फक्त एक आहे, आठ कसं मिळवू). पण खरी गंमत त्या मागच्या अपडेट नंबरात आहे. ओरॅकलच्या जावा ८ चं अपडेट २०२, जानेवारी २०१९, इथपर्यंत कंपन्यांना जुन्या लायसन्सखाली फुकट वापरता येत होतं. त्याच्या पुढचं २११, एप्रिल २०१९, त्यापासून धंद्याच्या कामाला वापरायचं तर बहुतेक ठिकाणी पैसे. बाहेरून दोन्ही "जावा ८". नाव तेच, आयकॉन तोच, अपडेट करा म्हणून येणारी ती चौकट तीच, आणि तिथे ओके दाबणारा रिसेप्शनवरचा माणूस आपण कंपनीला वेगळ्या लायसन्समध्ये नेतोय हे कशावरून ओळखणार? लायसन्स बदलायचा तुमचा हक्क आहे, त्यावर वाद नाही. पण इतका मोठा बदल सगळ्यात मागच्या, सगळ्यात बारीक आकड्यात लपवायचा का? आम्ही पहिला आकडा बदलला की सावध होतो, तिसऱ्या-चौथ्याला डोळे झाकून हो म्हणतो, आणि तशी सवय तुम्हीच आम्हाला लावलीत.

जोखमीचं उदाहरण लॉग४जे, जावाच्या प्रोग्रॅममध्ये नोंदी (लॉग) लिहायचं काम करणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड. डिसेंबर २०२१. ज्यांनी तो महिना आयटीत काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सुरक्षेचं भोक सापडलं, २.१५.० वर जा म्हणाले, गेलो. मग तेही पुरेसं नाही म्हणून २.१६.०, मग २.१७.०, मग वर्ष संपता संपता २.१७.१. हे एकवेळ ठीक, घाईत दुरुस्ती अशीच होते, आणि ती फुकटात काम करणाऱ्या मोजक्या लोकांनी केली, त्यांना मी एक शब्द बोलणार नाही. पण जुन्या जावासाठी त्याच महिन्यात वेगळ्या फांद्यांवर पण दुरुस्त्या आल्या, जावा ७ साठी २.१२.४ पर्यंत आणि जावा ६ साठी २.३.२ पर्यंत. म्हणजे २.३.२ सुरक्षित आणि २.१४.१ धोक्याचं! "यापेक्षा मोठा नंबर म्हणजे सेफ" हा साधा नियम पण चालेना, यादी समोर ठेवून एकेक बघायचं.

आणि इथे तुम्ही येता, बिझनेस सॉफ्टवेअरवाले. कारण लॉग४जे आम्ही कुणी स्वतः टाकलेलं नव्हतं, ते तुमच्या पोटात होतं. आम्हाला दिसत होता तुमचा नंबर, समजा ८.३, आणि ८.३ च्या आत लॉग४जेचं कुठलं व्हर्जन आहे हे त्या नंबरवरून कळायची काही सोय नव्हती. काही व्हेंडरनी यादी टाकली, बरं केलं. काहींनी "आमचं लेटेस्ट व्हर्जन बाधित नाही" एवढंच लिहून हात झटकले. लेटेस्ट म्हणजे? ज्या दिवशी ते लिहिलं त्या दिवसाचं? ते पान कधी लिहिलं त्याची तारीखसुद्धा नव्हती काही ठिकाणी.

हे झालं सगळ्या जगाला माहीत असलेलं. आता माझ्या स्वतःच्या अनुभवातलं, आणि माझ्या मते हा सगळ्यात मोठा गुन्हा आहे, बाकी सगळं माफ. एका बिलिंग पॅकेजच्या कंपनीने (नाव घेत नाही) एक रिलीज काढलं, चार दिवसांनी त्यात चूक सापडली, त्यांनी ती दुरुस्त केली आणि वेबसाइटवरची झिप गुपचूप बदलली. नंबर तोच ठेवला. अबाउटमध्ये अक्षर न अक्षर तेच. आता दोन ऑफिसमध्ये एकच व्हर्जन, आणि महिन्याच्या रिपोर्टची राउंडिंग दोन्हीकडे वेगळी येतेय. आम्ही सेटिंग बघितली, डेटाबेस बघितला, रिजनल फॉरमॅट बघितला, प्रिंटर ड्रायव्हरसुद्धा बघितला हो, माणूस हताश झाला की काय काय बघतो. शेवटी दोन्हीकडच्या फाइलींची साइज शेजारी शेजारी लावली तेव्हा कळलं की एक्झी (खुद्द प्रोग्रॅमची फाइल) वेगळी आहे. सपोर्टला विचारलं तर अगदी सहज म्हणाले, हां हां ते आम्ही अपडेट केलंय, नवीन झिप घ्या. नंबर का नाही बदलला विचारलं तर उत्तर आलं, छोटासाच चेंज होता, आणि ब्रोशर छापून झालं होतं.

ब्रोशर छापून झालं होतं! म्हणजे ब्रोशरसाठी आतला नंबर अडवला. ऑडिटर जेव्हा विचारतो की हा रिपोर्ट कुठल्या व्हर्जनने काढला तेव्हा आम्ही जो नंबर लिहून देतो त्याला मग काय अर्थ राहिला? तो नंबर दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅमना लागू आहे. एकदा बाहेर पडलेला नंबर परत वापरायचा नाही, एक अक्षर जरी बदललं तरी शेवटचा आकडा वाढवायचा, ही गोष्ट शिकायला काही खर्च नाही. आकडे संपत नाहीत.

क्लाउडवाल्यांनो, तुम्ही हसत असाल की आमच्याकडे ही भानगडच नाही, सगळे कायम लेटेस्टवर. त्याने भानगड मिटली नाही, फक्त नंबर दिसायचा बंद झाला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना नवीन बटण दिसतंय आणि मला नाही, तुमच्या मदतीच्या पानावरचा स्क्रीनशॉट तिसऱ्याच रंगाचा आहे, आणि चॅटवरचा तुमचा माणूस म्हणतो की टप्प्याटप्प्याने सगळ्यांना मिळेल. टप्पा कुठला? आमचा नंबर कितवा? काल चालणारी इम्पोर्ट फाइल आज चालत नाही तेव्हा काल आणि आजमध्ये तुमच्याकडे काय बदललं हे विचारायला माझ्याकडे धरायला काहीतरी हवं की नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात बिल्ड नंबर आणि तारीख टाका, डिझाइनरला नाही आवडणार, त्याला सांगा मी सांगितलंय.

तुमच्यातले इंजिनिअर आता म्हणतील की सेमॅंटिक व्हर्जनिंग आहे ना, तीन आकडे, पहिला बदलला तर जुनं तुटणार, दुसरा म्हणजे नवीन भर, तिसरा म्हणजे नुसती दुरुस्ती. चांगली पद्धत आहे, पण ती लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी लिहिलेली आहे, तिथे "तुटणं" म्हणजे काय ते स्पष्ट असतं. बिलिंग किंवा पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये तुटणं म्हणजे काय? तुम्ही एपीआयला (दुसरे प्रोग्रॅम जिथून जोडतात त्या दाराला) हात लावला नाही, पण रिपोर्टमधला एक कॉलम डावीकडून उजवीकडे नेलात, तर त्या रिपोर्टवर ज्यांनी मॅक्रो बांधलेत त्यांचं सगळं तुटलं. आणि तुमच्या हिशेबाने ते ५.२.३ वरून ५.२.४! आमच्या दृष्टीने पहिला आकडा एकाच गोष्टीसाठी बदलावा, हे अपडेट मारल्यावर मागे जाता येणार नाही, डेटाबेसचा ढाचा बदलतोय, बॅकअप घ्या, महिनाअखेरीला हात लावू नका. मधला बदलला तर लोकांना काहीतरी वेगळं दिसणार आहे, आधी सांगून ठेवा. शेवटचा बदलला तर शुक्रवारी संध्याकाळीसुद्धा बिनधास्त टाका. असं असतं तर रिलीज नोट्स न वाचताही माणूस वाचला असता, आणि खरं सांगायचं तर रिलीज नोट्स कुणी वाचत नाही, विशेषतः ज्यात नुसतं "स्थिरता आणि कामगिरीत सुधारणा" लिहिलेलं असतं त्या.

मार्केटिंगवाल्यांशी माझं भांडण नाही हे परत सांगतो. तुम्हाला नाव हवं, घ्या की नाव. ओरॅकलने इंटरनेटच्या जमान्यात ८आय, ९आय केलं, मग ग्रिडचं १०जी, ११जी, मग क्लाउडचं १२सी, आणि २०२४ मध्ये २३सी चं बारसं परत करून २३एआय. जमाना बदलला की शेपटी बदलली. चालतंय. ऑटोकॅडचं २०२५ मार्च २०२४ मध्येच आलं, गाड्यांसारखं पुढच्या वर्षाचं मॉडेल, तेही चालतंय, सवय झाली. डोनाल्ड कनूथचं टेक नावाचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आहे, त्याचा नंबर प्रत्येक दुरुस्तीला गणितातल्या पायच्या (π) एकेका आकड्याने लांबतो, ३.१४१५९ असा, आणि त्यांच्या पश्चात तो कायमचा पाय होणार असं त्यांनी सांगून ठेवलंय. मला हे जाम आवडतं. पण तुम्ही कृपया करू नका, तुम्ही कनूथ नाही आणि तुमचं सॉफ्टवेअर इतक्या कमी दुरुस्त्यांत भागणारं नाही.

तर मागणं असं आहे. पाटीवर काहीही लिहा, पण खाली एक नंबर ठेवा जो फक्त वाढतो, कधी परत वापरला जात नाही, आणि लॉगिन स्क्रीन, अबाउट, फाइलचं नाव, लॉग फाइलची पहिली ओळ, इन्व्हॉइस आणि तुमचा तो टिकेटचा फॉर्म, सगळीकडे तोच दिसतो. सिलेक्ट करून कॉपी करता येऊ दे, कारण अबाउटमधला तो मजकूर चित्र म्हणून टाकता आणि आम्ही डोळे फाडून शून्य आहे का ओ आहे ते बघत बसतो. लॉग फाइलचं आवर्जून सांगतोय, क्रॅश झाल्यावर अबाउट उघडत नाही. जुनं नाव बदललंत तर एक पान ठेवा, हे आधी असं होतं आता असं आहे, आणि ते पान पुढच्या वेबसाइटच्या रंगरंगोटीत उडवू नका. कुठलं व्हर्जन कधीपर्यंत सांभाळणार ती तारीख त्याच पानावर, तुमच्या सेल्सवाल्याच्या तोंडून नको. आत कुठकुठल्या लायब्ररी आहेत त्याची यादी प्रत्येक रिलीजबरोबर द्या, ती बनवायची टूल्स आता आहेत, निमित्त उरलेलं नाही. आणि लायसन्स बदलणार असाल तर पहिला आकडा बदला. हे शेवटचं तुम्ही करणार नाही हे मला माहितीये, तरी लिहून ठेवतो.

यातलं काहीच जमणार नसेल तर निदान नंबर ठरवायच्या मीटिंगला तुमच्याच सपोर्टमधल्या, रोज फोन उचलणाऱ्या माणसाला बोलवा. त्याला म्हणावं हा नंबर खराब लाईनवर, समोरच्याला न दिसणाऱ्या स्क्रीनवरून, घाईत असलेल्या माणसाकडून फोनवर वदवून घे. त्याला जमलं तर तो नंबर द्या, नाही जमलं तर दुसरा शोधा.

पुढच्या रिलीजच्या आत उत्तर आलं तर बरं होईल, कारण तुमच्या वेबसाइटवर "लवकरच येत आहे" म्हणून जे लावलंय त्याच्या जाहिरातीत वर्षाचं नाव आहे, डाउनलोडच्या पानावर मेजर व्हर्जन आहे, आणि कालच्या वेबिनारमध्ये तुमचा माणूस त्याला "नेक्स्ट जनरेशन" म्हणत होता. तीनही एकच आहेत का, एवढं कळवा.

कळावे, लोभ असावा,
तुमच्या सॉफ्टवेअरला अपडेट मारणारा एक